पांगुळगाडा की बाबागाडी?

२०१४ च्या जून महिन्यात दोन घटना लागोपाठ घडल्या. १२ तारखेला साओ पाउलोत फुटबॉल विश्वचषकाच्या उद्घाटनाच्या वेळी, कमरेखालचं अंग निकामी झालेला एक तरुण यंत्राच्या सांगाड्यात उभा राहिला आणि त्याने चेंडूला पाय लावला. मेंदूतल्या विद्युतसंकेतांवर चालणारा तो सांगाडा मिगेल निकोलेलिस या मेंदूशास्त्रज्ञाच्या चमूने तयार केला होता; वर्षानुवर्षांच्या खटपटीचं फळ दूरचित्रवाणीवर जेमतेम काही सेकंद दिसलं. महिनाअखेरीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ‘रीवॉक’ या अंगावर चढवायच्या मोटारचलित सांगाड्याला घरगुती वापराची परवानगी दिली. असा सांगाडा, म्हणजे एक्झोस्केलेटन, घरी नेण्याची मुभा तिथे पहिल्यांदाच मिळत होती. तेव्हापासून ‘व्हीलचेअरवरचा रुग्ण रोबोटच्या मदतीने चालला’ ही बातमी अधूनमधून येत राहते, आणि आता ती आपल्याकडच्या रुग्णालयांच्या जाहिरातींतही दिसते. बातमी बहुधा खरी असते. चित्रफितीत पडणारी पावलंही खोटी नसतात. पण ती पावलं कोणाची, हे कोणी विचारत नाही, आणि सगळ्या विषयाचं मर्म त्या प्रश्नात आहे. यंत्राने माणसाला चालवणं वेगळं, माणसाने चालायला शिकणं वेगळं. गेल्या पंचवीस वर्षांचे प्रयोग नीट वाचले तर असं दिसतं की पुनर्वसनात यंत्राचं मोल ते किती मदत करतं यापेक्षा किती मदत हातची राखतं यावर ठरतं. हे म्हणणं यंत्रांच्या विरोधातलं नाही. ही यंत्रं वापरून पाहणाऱ्यांपैकी अनेक जण स्वतःच या निष्कर्षाला आले आहेत.

आधी दुखापतीविषयी. मणक्यांच्या पोकळीतून उतरणारा मज्जारज्जू जेमतेम सेंटीमीटरभर जाडीचा असतो. त्यातून मेंदूचे हुकूम खाली जातात आणि अंगाच्या संवेदना वर येतात. अपघातात मणका सरकला किंवा फुटला की हा रज्जू चेपतो; तो सुरीने कापल्यासारखा दुभंगतो असं क्वचितच होतं. काही तंतू मरतात, काही उरतात, आणि उरलेले किती यावर पुढचं सारं अवलंबून असतं. डॉक्टर दुखापतीला इंग्रजी वर्णमालेतली अक्षरं देतात. ‘ए’ म्हणजे पूर्ण दुखापत: रज्जूच्या अगदी शेवटच्या, गुदद्वाराजवळच्या भागातसुद्धा ना संवेदना ना हालचाल. ‘बी’मध्ये संवेदना शिल्लक असते, हालचाल नसते. ‘सी’मध्ये काही स्नायू हलतात पण बहुतेकांत वजन पेलण्याइतकं बळ नसतं. ‘डी’मध्ये निम्मे किंवा त्याहून अधिक स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करू शकतात. ही अक्षरं लक्षात ठेवावीत, कारण जाहिरातीत ती छापलेली नसतात. ‘डी’चा रुग्ण चालला यात यंत्राची कर्तबगारी फारशी नाही, ‘ए’चा रुग्ण यंत्र उतरवल्यावर चालला तर ती वैद्यकाच्या इतिहासातली घटना ठरेल. चित्रफितीत दोघेही सारखेच दिसतात.

चालण्याचा सराव देऊन मज्जारज्जूला ‘शिकवता’ येईल ही कल्पना मांजरांमुळे आली. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी दाखवलं की मेंदूशी संबंध तुटलेला मांजराचा मज्जारज्जू पावलांची आळीपाळीची लय स्वतः निर्माण करू शकतो. पुढे १९८० च्या दशकात माँट्रियलमध्ये बार्बो आणि रॉसिन्योल यांनी रज्जू छेदलेल्या प्रौढ मांजरांना ट्रेडमिलवर सराव दिला, तेव्हा त्यांचे मागचे पाय पट्ट्यावर पुन्हा पावलं टाकू लागले. लॉस एंजेलिसला रेगी एजर्टन आणि सहकाऱ्यांना आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची आहे: ज्या मांजरांना फक्त उभं राहण्याचा सराव दिला ती उभी राहायला शिकली, पण चालण्यात मागे पडली. म्हणजे रज्जू जे करवून घ्यावं तेच शिकतो, जवळपासचं दुसरं काही शिकत नाही. या प्रयोगांवरून जर्मनीत अँटन वेर्निग आणि इतरांनी माणसांवर उपचार सुरू केले. छताला टांगलेल्या हार्नेसने शरीराचा थोडा भार उचलायचा, खाली ट्रेडमिल चालू ठेवायची, आणि फिजिओथेरपिस्टनी रुग्णाचे पाय हातांनी धरून पावलागणिक पुढे टाकायचे. एका पायाला एक माणूस, दुसऱ्याला दुसरा, बहुधा कंबर धरायला तिसरा. अर्ध्या तासात थेरपिस्टच्याच पाठी भरून येत. माणूस दोन पायांवर तोल सांभाळणारा प्राणी असल्याने मांजराइतकी मोकळीक त्याच्या रज्जूला नसते, हेही लवकरच कळलं: पूर्ण दुखापतीचे रुग्ण अशा सरावाने स्वतंत्र चालू लागले नाहीत. अपूर्ण दुखापतीवाल्यांबद्दलची आशा मात्र टिकून राहिली.

थेरपिस्टच्या पाठीचा प्रश्न झ्युरिकमध्ये सुटला. तिथल्या बालग्रिस्ट रुग्णालयात फोल्कर डीट्स यांच्याबरोबर काम करणारे अभियंते गेरी कोलोम्बो यांनी ट्रेडमिलवर बसवलेलं असं यंत्र तयार केलं की जे खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांपाशी मोटारी लावून रुग्णाचे पाय चालवतं. त्याविषयीचा शोधनिबंध २००० साली आला, आणि होकोमा या कंपनीने ते ‘लोकोमॅट’ नावाने बाजारात आणलं. आज जगभरच्या पुनर्वसन केंद्रांत आढळणारी अशी यंत्रं बहुतेक याच घराण्यातली आहेत. रुग्णाला हार्नेसमध्ये टांगतात, मांड्या आणि पोटऱ्या यंत्राच्या दांड्यांना पट्ट्यांनी बांधतात, पाऊल लोंबू नये म्हणून पंजा वर खेचून धरतात आणि वेग ठरवून यंत्र सुरू करतात. थेरपिस्ट बाजूला उभा राहून पडद्यावरचे आकडे पाहतो. जी पावलं टाकून घेताना तीन माणसं घामाघूम होत, ती आता एका माणसाच्या देखरेखीखाली शेकड्यांनी पडू लागली, तीही एकसारखी, न चुकता. वरवर पाहता हा निखळ फायदा होता. सराव जितका जास्त आणि जितका नेमका तितका रज्जू अधिक शिकेल, असा सरळ हिशेब त्यामागे होता.

या हिशेबाचा पाया २००६ मध्येच हलला, आणि तोही रोबोटच्या चाचणीने नव्हे. लॉस एंजेलिसचे ब्रूस डॉबकिन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका आणि कॅनडातल्या सहा केंद्रांनी अपूर्ण दुखापतीच्या १४६ रुग्णांवर चाचणी केली. दुखापत होऊन आठ आठवडे उलटण्याच्या आत रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटाला हार्नेस आणि ट्रेडमिलचा सराव, दुसऱ्याला तितकाच वेळ जमिनीवरचा नेहमीचा सराव. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या चालण्यात फरक निघाला नाही. खरं आश्चर्य वेगळंच होतं: ‘सी’ आणि ‘डी’ वर्गांतले बहुतेक सगळे रुग्ण, कोणत्याही गटातले असोत, सहा महिन्यांत चालू लागले. अपूर्ण दुखापतीत पहिल्या काही महिन्यांत शरीर आपण होऊन बरंच सावरतं, आणि ही सुधारणा तज्ज्ञांच्या अंदाजापेक्षा मोठी होती. युरोपातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचा अंदाज बांधण्याची रीत दिली. रुग्णाचं वय, मांडीच्या पुढच्या स्नायूचं आणि पोटरीचं बळ, आणि दोन ठरावीक जागी हलका स्पर्श कळतो की नाही, एवढ्यावरून वर्षभराने तो चालेल का हे बऱ्याच अचूकपणे सांगता येतं. त्यासाठी लागतात डॉक्टरची बोटं आणि कापसाचा बोळा. सांगायचा मुद्दा असा की ‘आमच्या यंत्रावर तीन महिने सराव केलेला रुग्ण चालू लागला’ या विधानातून यंत्राबद्दल काहीच कळत नाही, जोवर तसाच दुसरा रुग्ण यंत्राशिवाय किती चालला हे शेजारी मांडलेलं नसतं. आपल्याकडे ही शेजारची ओळ कोणी मागत नाही.

ज्या चाचण्यांत ती ओळ होती, त्यांतलं चित्र यंत्राला फारसं अनुकूल नाही. मायामीत एडेल फील्ड-फोट आणि कॅथरिन रोच यांनी जुन्या, म्हणजे वर्षाहून अधिक काळ लोटलेल्या अपूर्ण दुखापतीच्या रुग्णांना चार प्रकारचा सराव दिला: थेरपिस्टच्या हातांनी ट्रेडमिलवर, विद्युत उद्दीपनासह ट्रेडमिलवर, विद्युत उद्दीपनासह जमिनीवर, आणि रोबोटमध्ये. आठवड्याला पाच दिवस, बारा आठवडे. सराव पूर्ण केलेल्या ६४ जणांचे निकाल २०११ मध्ये छापून आले. वेगाबाबत गटागटांतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण चालण्याचं अंतर सर्वाधिक वाढलं ते जमिनीवर सराव केलेल्यांचं, आणि रोबोटच्या गटात वेगात किंवा अंतरात दखल घ्यावी असा परिणाम दिसला नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवरचे प्रयोगही हेच सांगतात. २००८ मध्ये जॉर्ज हॉर्नबी यांच्या चमूला थेरपिस्टच्या हातचा सराव वेगाच्या दृष्टीने सरस आढळला, २००९ मध्ये जोसेफ हिडलर यांच्या चाचणीत नेहमीच्या चालण्याच्या सरावाने लोकोमॅटला मागे टाकलं. पक्षाघात हा मेंदूचा आजार, मज्जारज्जूचा नाही, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे इकडे उचलून आणू नयेत. पण चाचणीमागून चाचणी एकाच बाजूला झुकते तेव्हा कारण शोधावंच लागतं.

कारणाचा धागा हॉर्नबी यांच्याच गटाच्या २००६ मधल्या एका लहानशा अभ्यासात सापडतो. अपूर्ण दुखापतीचे रुग्ण रोबोटमध्ये आणि थेरपिस्टच्या मदतीने चालत असताना त्यांनी किती प्राणवायू वापरला हे मोजलं. रोबोटमध्ये तो कमी खर्च झाला आणि मांडी उचलणारे स्नायूही कमी राबले. पाय कोणीतरी चालवतंय हे शरीराने हेरलं आणि अंग चोरलं. मात्र ‘जमेल तितका जोर लावा’ असं बजावल्यावर प्राणवायूच्या खर्चातली तफावत कमी झाली. मला हा तपशील सगळ्या वादाची किल्ली वाटतो, कारण दोष लोखंडाचा नसून वापराचा आहे हे त्यातून दिसतं. थेरपिस्ट पाय धरते तेव्हा तिच्या हाताला रुग्णाचा जोर कळतो. तो वाढला की ती हात सैल करते, पाय अडखळला तरी क्षणभर थांबून बघते. सुरुवातीची यंत्रं ठरलेल्या वळणावरून पाय नेत आणि अडखळू देत नसत. शिवाय कंबर घट्ट धरलेली, त्यामुळे वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याचं आणि तोल सावरण्याचं काम, जे चालण्याचं निम्मं शिक्षण आहे, रुग्णाच्या वाट्याला येतच नसे. एजर्टन यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये रज्जू छेदलेल्या उंदरांवर याची परीक्षा घेतली. काहींचे पाय रोबोटने ठरलेल्या रेषेवर नेले, काहींना रेषेच्या आसपास चुकायची जागा ठेवली आणि फार भरकटलं तरच सावरलं. चुकू दिलेले उंदीर जास्त चांगले शिकले. आपल्या घरांत या दोन्ही तऱ्हांची वाहनं असतात. बाबागाडीत बसवलेलं मूल गावभर फिरून येतं, पण चालायला शिकतं ते पांगुळगाड्याने, जो ते ढकलेल तेव्हाच पुढे सरकतो आणि कधी कधी हातातून निसटतोही. चालण्याचे पहिले रोबोट फार महागड्या बाबागाड्या होत्या.

यावर पहिला आक्षेप असा की मी सोयीचे प्रयोग निवडले. तो रास्त आहे, म्हणून विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा घेऊ. स्पेनमध्ये तोलेदो इथे पॅराप्लेजियाचं, म्हणजे कमरेखालच्या लकव्याचं, राष्ट्रीय रुग्णालय आहे. तिथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुखापत होऊन सहा महिने न उलटलेले, अपूर्ण दुखापतीचे ८० रुग्ण होते. अर्ध्यांना फक्त जमिनीवरचा सराव, अर्ध्यांना लोकोमॅट आणि जमीन असा मिश्र सराव, चाळीस बैठका. चालण्याच्या वेगात फरक पडला नाही, पण सहा मिनिटांत कापलेलं अंतर, पायांचं बळ आणि किती आधाराने चालता येतं याची श्रेणी, या तिन्हींत मिश्र गट पुढे राहिला. म्हणजे दुखापत ताजी असताना, उरलेले तंतू नवी जोडणी करू पाहत असताना, यंत्र उपयोगी ठरू शकतं. हा पुरावा मला मान्य आहे, पण तो नीट पाहावा. तोलेदोत यंत्राने थेरपिस्टला हटवलं नव्हतं. रुग्ण यंत्रातून उतरून जमिनीवर येई आणि तिथे स्वतःच्या तोलावर चाले. अनेक चाचण्या एकत्र तोलणारा मेरहोल्ट्स आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा आढावा, ज्यात १३ चाचण्यांतले ५८६ रुग्ण होते, ट्रेडमिल किंवा रोबोट जमिनीवरच्या सरावापेक्षा सरस असल्याचं दाखवू शकला नाही. आणि २०२० मध्ये अमेरिकेतल्या मज्जासंस्था-फिजिओथेरपीच्या अकादमीने मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हा, सहा महिन्यांहून जुनी दुखापत असलेल्या आणि थोडंफार चालू शकणाऱ्या रुग्णांचा वेग व अंतर वाढवण्यासाठी, छातीचे ठोके वाढतील असा जोरकस चालण्याचा सराव द्यावा, रोबोटने चालवू नये, असं स्पष्ट लिहिलं. व्यावसायिक संघटना उपकरणांबद्दल इतकं सडेतोड सहसा लिहीत नाहीत.

दुसरा आक्षेप पूर्ण दुखापतीचा. ज्याच्या पायांत काहीच उरलेलं नाही त्याला ‘स्वतः जोर लाव’ सांगणं ही थट्टा झाली; त्याच्यासाठी यंत्र हेच पाय. इथे शिकण्याचा प्रश्न संपतो आणि साधनाचा सुरू होतो, त्यामुळे साधनाचा निकष लावायला हवा: रोजच्या जगण्यात ते किती उपयोगी पडतं? २०१५ मधल्या एका आढाव्यात अंगावरच्या सांगाड्यांनी चालण्याचा सरासरी वेग सेकंदाला ०.२६ मीटर निघाला. निरोगी माणूस सहज चालतो तो सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास. सिग्नल सुटेपर्यंत या वेगाने रस्ता ओलांडून होत नाही. हात कुबड्यांत अडकलेले असतात, म्हणजे पाण्याचा पेला नेता येत नाही. रीवॉकला परवानगी मिळाली तीही प्रशिक्षित सोबती बरोबर असेल या अटीवर. त्याचे जनक, इस्रायलचे अमित गॉफर, १९९७ च्या अपघातात स्वतः हातापायांनी जायबंदी झाले, आणि हातांत पुरेसं बळ नसल्याने स्वतःचंच यंत्र वापरू शकले नाहीत. पुढे त्यांनी उभ्याने फिरता येईल अशी चाकांची गाडी तयार केली. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने १५ केंद्रांत १६१ माजी सैनिकांवर केलेली चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना व्हीलचेअरबरोबर सांगाडा चार महिने घरी दिला, अर्ध्यांकडे फक्त व्हीलचेअर. मनःस्वास्थ्य आणि जीवनमानाच्या मापनात दोन गटांत फरक सापडला नाही, आणि घरी नेलेले सांगाडे अपेक्षेपेक्षा कमी वापरले गेले. यंत्र वाईट होतं असं यातून ठरत नाही. पण फुकट मिळालेली, शिकवलेली, घरात उभी असलेली वस्तू माणसं रोज हाती घेत नाहीत, तेव्हा ती त्यांच्या दिवसात कुठे बसत नाही हे उघड आहे.

मग उभं राहण्याचं सुख? समोरच्याच्या डोळ्यांना डोळे भिडवून बोलण्याचं? हे सुख खरं आहे आणि चाचण्यांच्या प्रश्नावल्यांत ते पकडता येत नसेल, हेही मान्य. स्पॅस्टिसिटी, म्हणजे स्नायूंचा ताठरपणा, काही काळ सैल पडतो आणि पोट साफ होणं सोपं जातं, असंही अनेक रुग्ण सांगतात. त्याबरोबर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: दुखापतीनंतर निकामी पायांची हाडं झपाट्याने विरळ होतात आणि यंत्राच्या सरावात ती मोडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, म्हणून आधी हाडांची घनता तपासावी लागते. पण मला खरा प्रश्न वेगळा वाटतो. चालणं हीच रुग्णाची पहिली इच्छा असणार हे आपण, चालणारी माणसं, धरून चालतो. २००४ मध्ये किम अँडरसन यांनी मज्जारज्जूच्या दुखापतीच्या ६८१ जणांना विचारलं की कोणती गोष्ट परत मिळाली तर आयुष्य सर्वांत जास्त सुधारेल. हातपाय दोन्ही गेलेल्यांनी हात आणि बोटं मागितली. फक्त पाय गेलेल्यांच्या यादीत लैंगिक जीवन सर्वांत वर होतं. लघवी-शौचावरचा ताबा दोन्ही गटांत वरच्या मागण्यांत होता. ‘रोबोटने उभा केला’ ही बातमी होते. ‘लघवीची नळी दिवसातून चारदा स्वच्छ हातांनी घालायला शिकला आणि मूत्रपिंडं वाचली’ ही कधी बातमी होत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधी हे रुग्ण बहुतेक करून वर्षा-दोन वर्षांत दगावत, ते मूत्रमार्गाच्या संसर्गाने आणि बेडसोरने. त्यांना जगवलं १९४४ पासून इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी बसवलेल्या शिस्तीने, ज्यात दर दोन तासांनी कूस बदलणं होतं, मोटार एकही नव्हती.

उद्याचं तंत्रज्ञान हे सगळं बदलेल, असा तिसरा आक्षेप येतो. बदलेलही. लुईव्हिल आणि लोझानमध्ये कंबरेच्या रज्जूवर इलेक्ट्रोड बसवून हलके विद्युतझटके देण्याच्या प्रयोगांनी, निवडक रुग्णांत का होईना, जे घडवलं ते दहा वर्षांपूर्वी कोणी मानलं नसतं. ग्रेग्वार कुर्तीन आणि जोसेलिन ब्लॉक यांच्या चमूने २०२३ मध्ये मेंदूतला चालण्याचा हेतू ओळखून तो रज्जूपर्यंत पोचवणारी बिनतारी जोडणीही दाखवली. पण त्यांच्या प्रयोगशाळेतला रोबोट कोणता, हे पाहण्यासारखं आहे. तो पाय हलवत नाही. छताच्या रुळांवरून सरकत तो रुग्णाला वरून तोलून धरतो, चारही दिशांना जाऊ देतो, आणि भार किती उचलायचा हे त्या माणसाच्या गरजेप्रमाणे ठरवतो. पाय जमिनीवर पडतात ते रुग्णाच्या स्वतःच्या स्नायूंनी. ट्रेडमिलवरच्या यंत्रांतही नंतर कंबर डावी-उजवीकडे हलेल अशी सोय आली, मार्गदर्शनाचा जोर टक्क्यांनी कमी करता येऊ लागला. जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातल्या योशियुकी सांकाई यांचं ‘हॅल’ तर रुग्णाच्या त्वचेवर स्नायूचा क्षीण विद्युतसंकेत उमटल्यावर त्याला साथ देतं. अभियंत्यांनी दिशा बदलली आहे. जुनी बाबागाडी नव्या दराने विकत घेणाऱ्यांना ते कोणी सांगितलेलं नाही, इतकंच.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण आपले रुग्ण निराळे. भारतात मज्जारज्जूच्या दुखापती रस्त्यावरच्या अपघातांइतक्याच उंचावरून पडल्याने होतात: माडावरून, आंब्यावरून, बांधकामाच्या परांचीवरून, कठडा नसलेल्या गच्चीवरून. हा बहुधा हातावर पोट असलेला तरुण पुरुष असतो, आणि घरी परतल्यावर त्याच्यापुढे उंबरठा, उकिडवं बसायचा संडास आणि पावसाळ्यात चिखलाचा रस्ता असतो. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २०२४ मध्ये घरगुती सांगाड्याचा दर ठरवला तो सुमारे ९१ हजार डॉलर. त्याच वर्षी तिथे एका माजी जॉकीचा सांगाडा बॅटरीच्या जोडणीतल्या किरकोळ बिघाडाने बंद पडला, आणि यंत्र पाच वर्षांहून जुनं म्हणून दुरुस्ती नाकारली गेली. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाल्यावर ती झाली. व्हीलचेअरचं पंक्चर आपल्याकडे तालुक्याच्या सायकलच्या दुकानात निघतं. किमतीबाबत काही चांगलंही घडतंय: मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ रोबोट बनवणाऱ्या केरळच्या जेनरोबोटिक्सने ‘जी-गेटर’ हे चालण्याच्या सरावाचं देशी यंत्र केलं आहे. गटारात माणूस उतरू नये म्हणून झटणाऱ्यांनी पुढे हा विषय घ्यावा, याचं मला कौतुक वाटतं. यंत्र स्वस्त झालं तरी त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्या हाताचा प्रश्न मात्र राहतोच. पुण्यात खडकीला जायबंदी सैनिकांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे. तिथली माणसं चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, हात गेलेले तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. पुनर्वसन म्हणजे चालणं एवढंच असतं तर या केंद्राला अपयशी म्हणावं लागलं असतं.

म्हणून मोठ्या सरकारी रुग्णालयाने किंवा धर्मादाय ट्रस्टने असं यंत्र घ्यावं का, याला माझं उत्तर सरसकट नकाराचं नाही. जिथे ताज्या अपूर्ण दुखापतीचे, ‘बी’ आणि ‘सी’ वर्गांचे रुग्ण पहिल्या काही महिन्यांतच पोचतात, जिथे यंत्राची मदत आठवड्यागणिक उतरवत नेणारे आणि रुग्णाला त्याच दिवशी पॅरलल बारमध्ये, वॉकरवर, कॅलिपर लावून जमिनीवर चालवणारे फिजिओथेरपिस्ट आहेत, तिथे ते घ्यावं. एका थेरपिस्टला तीन माणसांचं काम करता येणं ही आपल्यासारख्या मनुष्यबळाच्या टंचाईच्या देशात लहान गोष्ट नाही, आणि जड रुग्णाला पहिल्यांदा उभं करताना यंत्र दोघांनाही सांभाळतं. पण यंत्र आलं म्हणून थेरपिस्टची पदं गोठवायची असतील तर हिशेब उलटा पडेल. खरेदीच्या निविदेत यंत्राच्या ओळीखाली थेरपिस्टच्या कायम पदांची, दुरुस्तीच्या कराराची आणि यंत्राविना सराव केलेल्या रुग्णांशी दरवर्षी तुलना करून ती जाहीर करण्याची ओळ असावी. ती नसेल तर तेच पैसे त्याच इमारतीतल्या वॉर्डातल्या हवेच्या गाद्यांवर, कॅथेटरवर, चांगल्या मापाच्या व्हीलचेअरवर आणि रुग्णाच्या घरी जाऊन उंबरठा व संडास पाहून येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या पगारावर खर्च करावेत.